मधपेट्या उचलायच्या, पण कशाने?

फुलोऱ्यामागे मधपेट्या गाडीने एका शेतातून दुसऱ्या शेतात न्याव्या लागतात. त्या उचलायचं साधन निवडायचं काम आम्ही वजनकाट्यापासून सुरू केलं. प्रवासी बॅग तोलायचा, ५० किलोपर्यंतचा हुकाचा काटा यासाठी पुरतो. पेटी अख्खी लटकवावी लागत नाही. तळपाटाखालून मागच्या बाजूला दोरीचा फास घालायचा, काट्याने मागची कड बोटभर उचलायची आणि आकडा लिहून घ्यायचा. मग पुढच्या बाजूने तसंच. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे पेटीचं वजन. मागचाच आकडा दुप्पट करायचा मोह होतो, पण तो फसवतो. माश्या मध गेटपासून, म्हणजे पेटीच्या पुढच्या दारापासून लांब, मागच्या अंगाला आणि वर साठवतात, त्यामुळे मागची बाजू नेहमी जड निघते.

मेलिफेरा या मोठ्या, परदेशी मधमाशीची दहा फ्रेमची (पोळी बांधायच्या लाकडी चौकटींची) पेटी, तळपाट, दोन्ही झाकणं आणि बांधलेली सुकी पोळी धरून, १६ ते २० किलो भरते. लाकूड आंब्याचं की निलगिरीचं यावर दोन-तीन किलो इकडे-तिकडे. त्यात माश्या दीड-दोन किलो, आणि पिल्लं, पराग व खायचा मध मिळून आठ-दहा किलो. म्हणजे मधकोठी, म्हणजे वर ठेवायची मधाची वेगळी कोठी, नसलेली पेटी सुमारे ३० किलो धरायची. वर पूर्ण उंचीची मधकोठी भरलेली असेल तर हिशोब बदलतो. एका मोठ्या फ्रेममध्ये अडीच-तीन किलो मध बसतो, म्हणजे त्या एकाच कोठीचे ३५ किलो आणि पेटी साठ-पासष्टच्या घरात. सातेरी या आपल्याकडच्या लहान मधमाशीची छोटी पेटी १० ते १५ किलोतच आटोपते, तिचं गणित वेगळं.

आता माणसाला झेपतं किती? अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. सगळं आदर्श असेल, म्हणजे ओझं अंगाशी, उंची मांडीच्या वरच्या भागाएवढी, कंबर न वळवता, तर त्यांची मर्यादा २३ किलो. हात पायांच्या घोट्यांपासून जितके पुढे जातील तितकी ती घटते: २५ भागिले सेंटीमीटरमधलं अंतर. लॅंगस्ट्रॉथ, म्हणजे मेलिफेराची नेहमीची पेटी ५१ बाय ४१ सेंमीची. तिला दोन्ही टोकांना धरलं की हात घोट्यांच्या ४० सेंमी पुढे जातातच. २५ भागिले ४० म्हणजे ०.६२५, मर्यादा आली १४ किलोवर. हात जमिनीपासून ३० सेंमीवर असतील, तर उंचीचा गुणक ०.८६५ लागतो आणि उरतात १२ किलो. सातेरीची पेटी या मर्यादेच्या आसपास बसते, मेलिफेराची हलकी पेटीसुद्धा अडीचपट बाहेर जाते. एक रात्र निभते, दुसऱ्या रात्रीही निभते, आणि तिसऱ्या दिवशी चपलेचा बंद लावताना कंबरेत उसण भरते.

म्हणून पहिलं साधन मधयंत्र, म्हणजे फ्रेम फिरवून मध काढायचं यंत्र. स्थलांतराच्या चार-पाच दिवस आधी मध काढून मधकोठ्या वेगळ्या केल्या की निम्मं वजन तिथंच उतरतं. शिवाय भरलेली ताजी पोळी रस्त्यावरच्या गचक्यांनी तुटतात आणि मधात माश्या बुडतात, तेही टळतं. मध ठेवूनच पेट्या हलवायच्या असतील, तर मात्र उचलायच्या यंत्राशिवाय दुसरा मार्ग नाही हे आधीच मान्य करावं.

दुसरी गोष्ट वाट. पेटीचा प्रवास तीन तुकड्यांचा असतो: स्टँडवरून खाली, तिथून गाडीपर्यंत, आणि जमिनीवरून हौद्यात. बहुतेक लोक तिसरा तुकडा डोळ्यांपुढे ठेवून खरेदी करतात, प्रत्यक्षात मधला तुकडा घाम काढतो. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत ओळींमध्ये साडेचार मीटर अंतर असतं, पण झाडांचा घेर आणि ठिबकच्या नळ्या यामुळे पिकअप आत नेता येत नाही. देऊळगाव राजाच्या बाजूला कांद्याच्या डेंगळ्यांच्या (बियाण्यासाठी राखलेल्या फुलांच्या) प्लॉटवर पेट्या बांधावर मांडाव्या लागतात, आणि बांध फूट-दीड फूट रुंद. दोन्हीकडे एकच ट्रॉली चालेल असं समजू नये. आम्ही प्रत्येक जागेसाठी तीनच आकडे टिपले: पेटीपासून गाडीपर्यंतचं अंतर, वाटेची सर्वांत अरुंद जागा, आणि वाटेतला सर्वांत मोठा चढ-उतार. यादीतली निम्मी साधनं या तीन आकड्यांनीच बाद झाली.

साधन कोणतंही घ्या, एक नियम त्याच्या आधी येतो. पेटी कलायची झाली तर ती फ्रेमच्या लांबीच्या दिशेने कलली पाहिजे. फ्रेम पुढून मागे, म्हणजे गेटाकडून पाठीकडे टांगलेल्या असतात. पेटी मागे कलली तर प्रत्येक फ्रेम आपल्याच पातळीत तिरकी होते, शेजारच्या फ्रेमला लागत नाही. आडवी कलली की सगळ्या फ्रेम एका बाजूला झुकतात, दोन पोळ्यांमधली माश्यांची जागा मिटते आणि मधल्या माश्या चेंगरतात. राणी त्यातच असू शकते. त्यामुळे ट्रॉली पाठीमागून लावायची, कडेने कधीच नाही. दोघांनी उचलली तर एक गेटाकडे आणि एक पाठीकडे, म्हणजे चढावरही पेटी फ्रेमच्या दिशेनेच कलेल. गाडीतही हाच नियम: फ्रेम गाडीच्या लांबीला समांतर, म्हणजे ब्रेक लागला तरी त्या एकमेकींवर आदळत नाहीत.

दुसरा पूर्वनियम बांधणीचा. कोठीच्या खाचांत हात घालून किंवा कैचीसारख्या पकडीने पेटी उचलली आणि तळपाट मोकळा असला, तर कोठी वर येते आणि तळपाट खालीच राहतो. अंधारात पायाशी पाच-सात हजार माश्या उघड्या पडतात. आम्ही २५ मिमीचे रॅचेट बेल्ट (दातेरी कळीने आवळायचे पट्टे) वापरतो, प्रत्येक पेटीला दोन, दोन्ही आडवे, समांतर, टोकांपासून १० सेंमी आत. फुलीसारखे बांधलेले बेल्ट कोपऱ्यावर सरकतात आणि ढिले पडतात. रॅचेटची कळ वर, झाकणाच्या मागच्या कडेला घ्यावी. बाजूला आली तर गाडीत शेजारच्या पेटीला टोचते. दात मोजून आवळायचं: बेल्ट बोटाने ओढून जेमतेम सुटला पाहिजे. त्यापुढे आणखी दोन दात ओढले की जुन्या पेटीचे खिळ्यांचे कोपरे उघडतात, आणि त्याच फटीतून माश्या बाहेर येतात. रॅचेटची कटकट माश्यांना खपत नाही, म्हणून दिवसाउजेडीच बेल्ट घालून अर्धे आवळून ठेवायचे. अंधार पडला, माश्या आत आल्या, गेटला जाळी बसली, की शेवटचे दोन-तीन दात.

सातेरीचं प्रकरण लवकर संपतं. महाबळेश्वर-जावळीच्या उतारांवर चाक कामाचं नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून एक पेटी किंवा पाठीवरच्या लोखंडी चौकटीत बांधून एक पेटी, एवढंच सरळ चालतं. डोक्यावरचं ओझं पाय घसरला तर खाली ठेवता येत नाही, म्हणून पाऊलवाट ओली असेल तर पाठीवरची चौकट बरी. कावडीला दोन पेट्या लावता येतात, पण त्या झुलतात, आणि सातेरी हिसक्यांना फार लवकर कंटाळते. उतरवल्यावर दोन दिवसांत पेटी सोडून गेलेली वसाहत पाहायची नसेल, तर कावड पाण्यालाच ठेवावी.

मेलिफेरासाठी दोन माणसांचं उचलणं सर्वांत स्वस्त. पाऊण इंची जीआय पाइपचे दीड मीटरचे दोन दांडे, मध्ये पेटीच्या रुंदीएवढ्या अंतराने जोडलेले, आणि तळपाटाखाली जाणाऱ्या दोन चपट्या पट्ट्या. ३० किलोची पेटी प्रत्येकाच्या वाट्याला १५ किलो येते आणि ओझं अंगाजवळ राहतं. अडचण जोडीची. दोघांची उंची चार बोटांनी वेगळी असली तरी पेटी कलते, आणि अरुंद बांधावर मागच्याला पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. दिवसाला दहा-पंधरा पेट्यांपर्यंत हे ठीक आहे.

त्याहून जास्त पेट्या असतील तर चाकं. बाजार समितीत गोणी वाहायची ट्रॉली मिळते ती जशीच्या तशी घेऊ नये. तिची सहा-आठ इंची भरीव चाकं भुसभुशीत मातीत रुततात, खाचरात अडकतात, आणि प्रत्येक खड्याचा दणका पेटीत पोचतो. शिवाय तिचा पाट जमिनीला टेकलेला असतो आणि पेटी मात्र स्टँडवर फूटभर उंच. म्हणजे ट्रॉलीवर चढवायला पेटी आधी हातानेच खाली उतरवावी लागते, आणि कंबरेला सर्वांत जास्त घातक हालचाल तीच.

यावर आम्हाला पटलेला उपाय म्हणजे ट्रॉलीची शिंगंच, म्हणजे पेटीखाली जाणाऱ्या दोन पट्ट्याच, स्टँडच्या उंचीला घेणं. स्टँड सगळे एकाच मापाचे करायचे, आमचे ३५ सेंमीचे आहेत. ट्रॉलीला ४० सेंमी लांबीची, ४० बाय १० मिमी पट्टीची दोन शिंगं, वरची पातळी ३२ सेंमीवर, दोन्हींची बाहेरची रुंदी २८ सेंमी, म्हणजे स्टँडच्या मागच्या दोन पायांमधून सहज आत जातील. यासाठी स्टँडला मागची आडवी पट्टी तळपाटाला लागून ठेवायची नाही, ती चार-पाच इंच खाली घ्यायची. शिंगं आत सरकवली, अ‍ॅक्सलवर पाय दिला, हँडल मागे ओढलं, की पेटी उचलली जाते. हाताने उचलणं शून्य.

वेल्डिंगवाल्याकडे जाताना एक माप नीट सांभाळावं लागतं: अ‍ॅक्सलची जागा. अ‍ॅक्सल पेटीच्या खाली पुढे घेतला तर हँडल अगदी हलकं होतं, म्हणून वेल्डिंगवालाही तसंच सुचवतो. पण ट्रॉली अ‍ॅक्सलभोवती फिरते. अ‍ॅक्सलच्या पुढचा भाग वर जातो आणि मागचा खाली. पेटीची मागची कड अ‍ॅक्सलच्या मागे राहिली तर ती खाली येऊन स्टँडच्या बाजूच्या अँगलमध्ये रुतते, आणि पुढे ओढलं तर पेटीसकट स्टँड येतो. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या उलटतात ते वेगळंच. अ‍ॅक्सल पेटीच्या मागच्या कडेच्या ८ सेंमी मागे ठेवला की मागची कडही उचलली जाते. किंमत म्हणून हँडलवर थोडा जोर लागतो. पेटीचा मध्य अ‍ॅक्सलपासून ३३ सेंमी, हँडल ११० सेंमी, म्हणजे ३२ किलोच्या पेटीला सुरुवातीची ओढ साधारण १० किलो. २५ अंशांवर कलल्यावर हातावर पाचेक किलोच उरतं. ६० किलोच्या दुमजली पेटीला हीच ओढ १८ किलोवर जाते, आणि तोल वर असल्याने ट्रॉली आडवी पडायची भीती असते. दुमजली पेटीसाठी ही रचना आम्ही वापरत नाही.

चाकं जुन्या स्कूटरची, ३.५०-१० मापाची. भंगारात सहज मिळतात आणि व्यास ४३ सेंमी पडतो, त्यामुळे १६ मिमीची ठिबकची नळी किंवा ढेकूळ जाणवतही नाही. दोन चाकांमध्ये बाहेरून ६५ सेंमी ठेवा, म्हणजे ती स्टँडच्या दोन्ही अंगांनी जातात. हवा मुद्दाम कमी, १५ ते १८ पीएसआय. कडक टायर पेटी नाचवतो. आमच्या भागात खरा शत्रू बाभळीचा काटा. ट्यूबमध्ये पंक्चर रोखणारं द्रव घातलं तरी हंगामात एकदा तरी पंप लागतोच, तो गाडीतच ठेवावा. फोम भरलेली चाकं पंक्चर होत नाहीत, पण ती कडक असतात आणि ट्रॉली चार-पाच किलोंनी जड होते. काळ्या जमिनीत पाऊस पडून गेला असेल तर वाफसा येईपर्यंत कोणतीच ट्रॉली चालवू नये. चिखल चाकाला गोळा होतो आणि शिंगं झुकून पेटी पुढे घसरते. थांबणं शक्य नसेल तर दोन माणसं आणि दांडे.

अरुंद बांधासाठी दोन चाकांचं काम नाही. तिथे एकचाकी गाडा, बांधकामावर घमेली वाहायला वापरतात तसा, पण वरचं टोपलं काढून सपाट पट्ट्या टाकलेला. वजन चाक आणि हात यांत वाटलं जातं, म्हणून ट्रॉलीपेक्षा हाताला जड लागतो. बांध १०० फुटांहून लांब असेल तर मध्ये टेकायला जागा धरून ठेवावी.

हाताच्या विंचने (दोर गुंडाळणाऱ्या चरकाने) वरखाली होणारी शिंगं असलेले गाडे युरोपात बरेच चालतात. हंगेरीत तयार होणारा काप्तारलिफ्ट हे त्यातलं ओळखीचं नाव, काप्तार म्हणजे हंगेरियनमध्ये मधपेटी. उभ्या दांडीवर शिंगं चढतात, पेटी सरळच राहते, भरलेली मधकोठी वेगळी उचलून खालच्या कोठीची तपासणीही करता येते. एकाच जागी असलेल्या पेट्यांसाठी उत्तम चीज. असा गाडा इथे बनवून घ्यायचा असेल तर विंच ब्रेकचीच घ्या, म्हणजे हँडल सोडलं की जागीच थांबणारी. साध्या दातेरी विंचची खिटी निसटली तर हँडल उलटं फिरतं आणि मनगटावर बसतं. गोदामातला हँड स्टॅकर (माल उचलून रचायचा हातगाडा) स्वस्तात मिळतो म्हणून कोणी सुचवलं, तर त्याची नायलॉनची चाकं बघा: फरशीबाहेर तो हलत नाही.

आता हौद्यात चढवणं. आमच्या पिकअपचा हौदा जमिनीपासून ८५ सेंमी. टेपने स्वतः मोजा, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत पाच-सात सेंमीचा फरक पडतो. फळीवरून ट्रॉली चढवताना जोर फळीच्या लांबीवर ठरतो. पेटी आणि ट्रॉली मिळून ५० किलो. अडीच मीटरच्या फळीवर ढकलायला १७ किलो, चार मीटरच्या फळीवर पावणेअकरा. घर्षण वर. चार मीटरची फळी मध्ये वाकते, तिला मध्ये टेकू हवा, आणि वर मच्छरजाळीचा किंवा गोणपाटाचा तुकडा ठोकला की दवाने ओली झाली तरी चाक घसरत नाही. तरी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गाडी कुठे लावायची ते दिवसा ठरवणं. दोन फूट उंच बांधाला किंवा नाल्याच्या काठाला मागचा फाळका पाडून गाडी लावली, तर ८५ सेंमीतले ६० तिथंच संपतात. शेतकऱ्याकडे पेट्या मांडायला जागा मागतानाच असा बांध बघून ठेवतो, फुलोऱ्याच्या खालोखाल आम्ही तोच बघतो.

चार थर रचायचे असतील तर बांध पुरत नाही. १० बाय ६ फुटांच्या हौद्यात एका थरात २० पेट्या बसतात, ८० पेट्यांना चार थर. चौथ्या थराची पेटी जमिनीपासून दोन मीटरवर ठेवावी लागते. तिथे फिरता लोखंडी हात आणि होइस्ट, म्हणजे ओझं वर ओढणारं विजेचं यंत्र, लागतो. ६० किलोची पेटी अडीच मीटर लांब हातावर लटकली की बुडाशी ६० गुणिले अडीच, म्हणजे १५० किलो-मीटरचा वाकवणारा जोर येतो, हिसक्यासाठी तो दुप्पट धरायचा. ७५ बाय ७५ बाय ३ मिमीची चौकोनी नळी त्याला पुरते, पण ती हौद्याच्या पत्र्यावर वेल्ड करून चालत नाही, चासीपर्यंत बोल्ट गेले पाहिजेत. गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, म्हणून आधी आरटीओत विचारा. नाहीतर सुटा, जमिनीवर टेकणारा हात घ्या.

२३० व्होल्टचा, १००/२०० किलो क्षमतेचा छोटा होइस्ट जनरेटरवर चालतो. त्याच्या पाटीवर २० टक्के, १० मिनिटे असं काही लिहिलेलं असतं. ते म्हणजे दर दहा मिनिटांत दोनच मिनिटं चालवायचा. मिनिटाला दहा मीटर वेगाने सरासरी सव्वा मीटर वर आणि तेवढंच खाली म्हणजे पेटीमागे १५ सेकंद, म्हणून दहा मिनिटांत आठ पेट्या. त्याहून घाई केली की मोटर तापून बंद पडते, आणि ती नेमकी पेटी हवेत असताना पडते. जीपला ओढायची १२ व्होल्टची विंच या कामाला घेऊ नये. तिचा ब्रेक ओढण्यासाठी असतो, लटकत्या ओझ्यासाठी नाही. तसंच पेटी बांधायच्या रॅचेट बेल्टात हुक अडकवून उचलू नये. उचलायला तळपाटाखालून जाणारे दोन रुंद पट्टे आणि वर आडवा दांडा, म्हणजे पट्टे झाकणाला चिमटत नाहीत. लटकलेली पेटी गरगरते, तिला एक हातभर दोरी बांधून ठेवावी.

अमेरिकेत चार-चार पेट्या एका पॅलेटवर (लाकडी पाटावर) कायमच्या ठेवतात आणि फोर्कलिफ्टने ट्रेलरवर चढवतात, एका ट्रेलरवर चारशेच्या वर. ते बघून हुरळून जायला होतं. भरलेलं पॅलेट दोनशे किलोंच्या पुढे जातं, त्याला सगळे तळपाट एकाच मापाचे, आणि पेट्यांपर्यंत फोर्कलिफ्ट पोचेल अशी घट्ट जमीन लागते. आपल्याकडे एकाच सुताराच्या दोन पेट्या पाच-सात मिमीने वेगळ्या निघतात.

नवं साधन आलं की पहिली फेरी माश्यांविना काढायची. रिकाम्या पेटीत वाळूच्या पिशव्या घालून ३२ किलो करायचे, आत दहा रिकाम्या फ्रेम, आणि दोन फ्रेमच्या मध्ये खडूच्या कांड्या उभ्या टेकवायच्या. स्टँड ते हौदा अशी पूर्ण फेरी झाल्यावर झाकण उघडून कांड्या मोजायच्या. मोडल्या असतील तर कुठे मोडल्या ते शोधायचं. आमच्या ट्रॉलीत त्या स्टँडवरून उचलताना शाबूत राहायच्या आणि फळीवरून हौद्यात उतरताना, शेवटच्या दोन इंचांच्या पायरीवर मोडायच्या. फळीच्या वरच्या टोकाला हौद्याच्या पातळीत येणारी पत्र्याची जीभ वेल्ड केल्यावर दहापैकी नऊ कांड्या शाबूत निघाल्या, आणि त्या रात्री पेट्या चढवल्या.